पटकीचा आषाढ आणि विषाणूंचा पौष

कामगार चळवळीतील माणूस व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर आला म्हणजे तो मजुरीच्या दरावर बोलेल, संपावर बोलेल, फार तर कामगार कायद्याच्या इतिहासावर बोलेल, अशी सर्वांची समजूत असते. आज मी जुलाब-ओकारीच्या इतिहासावर बोलणार आहे. विषय चारचौघांत काढण्यासारखा नाही, असे काहींना वाटेल. परंतु शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतील मजुरांच्या वस्त्यांतून ज्याने आयुष्याची बरीच वर्षे सभा घेत काढली, त्याला एक गोष्ट हजेरीच्या वहीवरूनच कळते. मजुराचे दिवस संपाने बुडतात त्याहून कितीतरी अधिक दिवस घरातल्या आजारपणाने बुडतात. आणि ज्या घरात दोन वर्षांच्या आतले मूल आहे, त्या घरात हे आजारपण बहुधा पोटाचेच असते. ज्याने मजुरी बुडते तो विषय कामगार संघटनेचाच होय, एवढे सांगून मी मुद्द्यावर येतो.

या आजाराला आपल्या भाषेत जुने नाव आहे. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात या रोगाचे वर्णन केले आहे. आपल्या ‘मोडशी’ शब्दाचे पोर्तुगीजांच्या तोंडी ‘मोर्देशी’सारखे रूप झाले आणि पुढे फ्रेंचांनी त्याचेच ‘मॉर द शियाँ’, म्हणजे ‘कुत्र्याचे मरण’, असे करून टाकले. आज आपण अपचनाच्या ओकारीला मोडशी म्हणतो आणि मोठ्या साथीला पटकी. शब्दांची ही वाटणी विचार करण्याजोगी आहे. पटकी म्हणजे गावाला हादरवणारी साथ. मोडशी म्हणजे घरातल्या घरात निभावण्याची गोष्ट. इतिहासाने पहिलीची नोंद ठेवली. दुसरीत गेलेल्या लेकरांची नोंद कुणी ठेवली नाही.

प्रथम पटकीकडे पाहू. १८१७ सालच्या ऑगस्टमध्ये बंगालातील जेसोर येथे मोठी साथ उसळली. नोव्हेंबरात ती बुंदेलखंडात गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज याच्या छावणीत शिरली. १८१८ च्या पावसाळ्यात ती दख्खनात उतरली आणि ऑगस्टमध्ये मुंबईला पोचली. त्या वेळी आपल्या मुलखाची स्थिती काय होती? पेशवाईचा शेवट झालेला, फौजा रस्त्यावर आलेल्या. घोडनदीच्या काठी शिरूरला इंग्रजांची छावणी होती. १८१७ च्या ३१ डिसेंबरच्या रात्री कोरेगावच्या लढाईसाठी जी पलटण निघाली ती याच छावणीतून. फौज, बाजारबुणगे, बैलांचे तांडे, नदीवरचा एकच पाणवठा, ही साथीला लागणारी सारी सामग्री होती. साथ माणसांच्या पायांनी चालते, हे त्या काळच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिले होते. परंतु ती पाण्यातून पोटात शिरते हे कुणाला ठाऊक नव्हते.

म्हणून गावाने आपल्या परीने उपाय काढला. मरीआईचा कोप झाला असे समजून तिचा गाडा सजवायचा, वाजतगाजत गावाबाहेर न्यायचा आणि शेजारच्या गावच्या शिवेवर सोडून यायचे. त्या गावाने तो पुढच्या गावाच्या शिवेवर ढकलायचा. या चालीला हसण्याचे कारण नाही. ज्यांच्या हाती दुसरे काही नव्हते त्यांनी केलेला तो बंदोबस्त होता. मात्र त्यामागची कल्पना ध्यानात ठेवावी: रोग नाहीसा करायचा नाही, तो आपल्या हद्दीबाहेर ढकलायचा. या कल्पनेकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे.

पटकीचा हंगाम ठरलेला असे. पहिल्या पावसाने शिवारातली घाण ओढ्यांत आणि विहिरींत उतरे. त्याच सुमारास आषाढीची वारी निघे. तुकोबांच्या पालखीचे यवत आणि वरवंड हे मुक्काम दौंड तालुक्यातच आहेत. १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू होऊन दौंड हे जंक्शन झाले, तेव्हा प्रवासी वाढले आणि त्यांच्याबरोबर रोगाचा वेगही वाढला. इकडे विद्याही पुढे सरकत होती. १८५४ साली लंडनमध्ये जॉन स्नो याने ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाशी साथीचा संबंध जोडून दाखविला. १८८४ साली रॉबर्ट कॉख याला कलकत्त्यातील एका तळ्याच्या पाण्यात पटकीचा जंतू सापडला. १८९३ साली हाफकिन याने हिंदुस्थानात पटकीची लस टोचण्यास आरंभ केला. त्यानंतरच्या काळात नळाचे पाणी, क्लोरिन आणि सलाइन यांनी मिळून पटकीची धार बोथट केली.

येथे कामगार चळवळीच्या इतिहासातील एका नावाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे हे मूळ आपल्याच पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरचे. मुंबईत प्लेग आला तेव्हा त्यांनी रोग्यांसाठी इस्पितळ काढले आणि १८९७ च्या फेब्रुवारीत ते स्वतः प्लेगनेच वारले. पुढाऱ्याने साथीच्या दिवसांत कुठे उभे राहावे, याचा धडा त्यांनी आधीच घालून दिला आहे.

आता दुसऱ्या प्रकाराकडे वळू. पटकी ओसरली तरी तान्ही मुले जुलाबाने मरतच राहिली. आणि तीही आषाढात नव्हे, तर मार्गशीर्ष-पौषाच्या थंडीत, पाणी निवळलेले असताना. बायाबापड्यांनी त्याला आपापली कारणे लावली. कुणी म्हणाले दात येत आहेत, कुणी म्हणाले दृष्ट लागली, कुणी म्हणाले आईच्या दुधाला थंडी बाधली. डॉक्टरांचीही स्थिती फारशी निराळी नव्हती. शौचाची तपासणी करावी तर पटकीचा जंतू नाही, हगवणीचा नाही, विषमज्वराचाही नाही. जगातल्या उत्तमोत्तम इस्पितळांतून बहुतेक मुलांच्या जुलाबाचे कारण ‘अज्ञात’ म्हणून लिहिले जात होते.

हे कोडे १९७० नंतर उलगडू लागले. अमेरिकेतील ओहायो राज्यात नॉरवॉक या गावी १९६८ साली एका प्राथमिक शाळेत ओकारी-जुलाबाची साथ आली होती. तिथले नमुने जपून ठेवले होते. १९७२ साली अल्बर्ट कापिकियान याने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांत विषाणू दाखविला. त्याच्याच कुळाला आज नोरोव्हायरस म्हणतात. पुढच्याच वर्षी, १९७३ साली, मेलबर्न येथे रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजारी मुलांच्या आतड्याच्या अस्तरात दुसरा विषाणू पाहिला. तो गाडीच्या चाकासारखा दिसे, म्हणून लॅटिनमधील ‘रोटा’, म्हणजे चाक, या शब्दावरून त्याला रोटाव्हायरस हे नाव मिळाले. १९७५ साली चांदणीच्या आकाराचा ॲस्ट्रोव्हायरस सापडला. जपानमधील सापोरो शहराच्या नावावरून सॅपोव्हायरस ओळखला जाऊ लागला. रोटाव्हायरसचे सुमारे दहा हजार कण एका मिलिमीटरच्या लांबीत ओळीने बसतील. साध्या सूक्ष्मदर्शकाला तो दिसत नव्हता यात नवल नाही.

हा विषाणू करतो काय? लहान आतड्याच्या आतल्या बाजूस मखमलीच्या लवेसारखी उंचवटी असतात. अन्नपाणी शोषून घेण्याचे काम त्यांचे. विषाणू नेमका त्यांच्या टोकांवर हल्ला करतो. शोषण थांबले की पाणी आणि क्षार वाहून जातात. प्रौढाच्या अंगात पाण्याचा साठा मोठा असतो. सहा-आठ किलोच्या लेकराच्या अंगातले पाणी एका दिवसात उतरते. मूल विषाणूने मरते असे म्हणण्यापेक्षा ते कोरडे पडून मरते, असे म्हणणे अधिक खरे आहे.

पटकीत आणि या रोगात मोठा भेद हा की, केवळ पाणी शुद्ध केल्याने हा थांबत नाही. आजारी मुलाच्या शौचात अब्जावधी कण असतात आणि लागण व्हायला शंभराहून कमी कण पुरतात. हात, दुपटे, खेळणे, भांडे, सारे त्याचे वाहन. म्हणूनच लस येण्यापूर्वी श्रीमंत देशांतही पाच वर्षांच्या आत जवळजवळ प्रत्येक मुलाला रोटाव्हायरसची बाधा होऊन जात असे. मात्र अमेरिकेत त्याने वर्षाला २० ते ६० मुले दगावत. आणि भारतात २०१३ या एका वर्षी सुमारे ४७ हजार दगावली, असा अंदाज आहे. आपली लोकसंख्या त्यांच्या चौपट आहे हे धरले तरी हिशेब जुळत नाही. बाधा सर्वांना सारखी, मरण मात्र गरिबाला, असा या रोगाचा न्याय आहे.

आपल्या जिल्ह्याचा या विद्येत मोठा वाटा आहे. १९५२ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी मिळून पुण्यात विषाणू संशोधन केंद्र स्थापन केले. १९७८ साली तेच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था झाले. आरंभी तेथे डास-गोचिडांनी पसरणाऱ्या रोगांचा अभ्यास होई. पुढे पोटाच्या विषाणूंचाही होऊ लागला. २००५ पासून देशभरातील इस्पितळांचे जाळे उभारून मुलांच्या जुलाबाची पद्धतशीर पाहणी झाली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या गगनदीप कांग या त्या कामातील एक अग्रणी. जुलाबाने इस्पितळात दाखल झालेल्या पाच वर्षांखालील मुलांपैकी शेकडा ४० च्या आसपास मुलांत रोटाव्हायरस सापडला, आणि डिसेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत त्याचा जोर सर्वाधिक आढळला. आज्यांनी सांगितलेला पौषाचा आजार आता आकड्यांत उतरला.

थंडीच का? कारणांविषयी शास्त्रज्ञांचे पूर्ण एकमत नाही. थंड व कोरड्या हवेत विषाणू भांड्यांवर, कपड्यांवर अधिक काळ तग धरतो, हे एक. थंडीत माणसे दाटीवाटीने एका छपराखाली राहतात, हे दुसरे. तिसरे असे की, ज्यांना अद्याप बाधा झाली नाही अशा नवजात मुलांची दरवर्षी नवी भर पडते. हे कोरडे जळण साठले की ठिणगीला निमित्त पुरते. उष्ण देशांत रोग बारमाही असतो, फक्त थंडीत त्याची भरती येते.

आता या विषाणूंच्या जातीजमातींविषयी. रोटाव्हायरसचा वंशलेख सलग नसतो. तो अकरा सुट्या तुकड्यांत असतो. अकरा सुट्या पानांची चोपडी समजा. एकाच पेशीत दोन वेगळे विषाणू शिरले तर नव्या चोपड्या बांधताना पाने एकमेकांत मिसळतात आणि तिसराच विषाणू जन्मतो. माणसाचा विषाणू आणि वासराचा विषाणू यांचीही पाने अशी मिसळतात. कवचावरच्या दोन प्रथिनांवरून शास्त्रज्ञ प्रत्येक विषाणूला जी आणि पी असे दोन क्रमांक देतात, जणू नाव आणि आडनाव. जी १ पी ८, जी २ पी ४, जी ९ पी ८, जी १२ अशी कुळे आपल्याकडे वरचेवर सापडतात. कधी एकाचा जोर, कधी दुसऱ्याचा. नोरोव्हायरसची पाने सुटी नसतात, पण नक्कल करताना त्याच्या इतक्या चुका होतात की काही वर्षांनी नवा वाण निघतो आणि जगभर फिरतो. २०१२ साली पुढे आलेला सिडनी वाण हे त्याचे उदाहरण. तो मोठ्या माणसांनाही सोडत नाही. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात गिलन-बारे या मज्जारोगाचे अनेक रोगी आढळले, तेव्हा तपासलेल्या शौचाच्या काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जंतू आणि काहींत नोरोव्हायरस सापडला होता.

पानांच्या या मिसळीतूनच लस निघाली, ही कथा सांगण्याजोगी आहे. १९८५-८६ च्या सुमारास दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत नवजात अर्भकांच्या कक्षात रोटाव्हायरस पसरलेला आढळला. पण आश्चर्य असे की मुलांना जुलाब होईनात. पुढे याच मुलांना तीव्र आजारापासून संरक्षण मिळाल्याचे दिसले. डॉ. महाराज किशन भान यांनी त्याचा पाठपुरावा केला. हा विषाणू माणसाचाच होता, परंतु त्याचे एक पान गाईगुरांच्या विषाणूतून आलेले होते. निसर्गाने सौम्य केलेला हा वाण ‘११६ ई’ या नावाने ओळखला गेला, आणि त्यापासून हैदराबादच्या भारत बायोटेकने रोटाव्हॅक ही तोंडावाटे देण्याची लस बनविली.

लस बनली तरी ती उपयोगी पडते हे सिद्ध व्हावे लागते. आणि येथे आपला मुलूख पुन्हा इतिहासात येतो. शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक हे गाव संभाजी महाराजांच्या समाधीमुळे सर्वांना ठाऊक आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाने १९७० च्या दशकात डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने वढूला ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. २००२ पासून भोवतालच्या बावीस गावांतील जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांची नियमित नोंद तेथे ठेवली जाऊ लागली. २०११ साली रोटाव्हॅकची मोठी चाचणी सुरू झाली, ती दिल्ली, वेल्लोर आणि पुणे जिल्ह्याचा ग्रामीण भाग अशा तीन ठिकाणी. एकूण ६,७९९ बालके. त्यांपैकी १,५०० आपल्या जिल्ह्यातील. ही कुणा संस्थानिकाची मुले नव्हती. शेतकऱ्यांची, मजुरांची, कारखान्यात पाळी करणाऱ्यांची लेकरे होती. त्यांच्या आईबापांनी आपले मूल शास्त्राच्या हवाली केले, म्हणून देशाला उत्तर मिळाले. २०१४ साली निकाल प्रसिद्ध झाला: पहिल्या वर्षात तीव्र आजार शेकडा ५६ ने कमी झाला, आणि संरक्षण एकाच कुळापुरते नसून निरनिराळ्या कुळांविरुद्ध मिळाले.

शेकडा ५६ हा आकडा ऐकून कुणी नाक मुरडील. श्रीमंत देशांत अशा लसींचा गुण याहून पुष्कळ अधिक दिसतो. पण जिथे हजारांनी मरतात तिथे निम्म्याहून अधिक तीव्र आजार टळणे ही सामान्य गोष्ट नव्हे. २०१६ साली चार राज्यांत ही लस सरकारी कार्यक्रमात आली. २०१९ मध्ये महाराष्ट्रासह सर्व राज्यांत तिचा विस्तार झाला. पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटने दुसरी लस बनविली. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात तीन वेळा काही थेंब, किंमत शून्य.

लसीइतकेच मोलाचे दुसरे शस्त्र त्याहून जुने आहे. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांनी भरलेल्या बनगाव येथे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडाने पाजण्यास आरंभ केला. छावण्यांतून शेकडा ३० च्या घरात गेलेले मरणाचे प्रमाण त्यांच्याकडे शेकडा ३.६ वर आले. एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. घोटघोट, पुन्हा पुन्हा. अंगावरचे दूध चालूच ठेवायचे. पुडी मिळाली तर अधिक चांगले, आणि जोडीला चौदा दिवस जस्ताच्या गोळ्या. इतका स्वस्त उपाय आधुनिक वैद्यकात दुसरा क्वचितच सापडेल.

मग अडते कुठे? आता मी माझ्या धंद्याच्या गोष्टीवर येतो. आपल्या दोन तालुक्यांत उसाचा गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. बीड आणि नगरकडील तोडणी मजूर मुकादमाची उचल घेऊन, बिऱ्हाड गाडीवर टाकून येथे येतात आणि उघड्या रानात कोप्या घालतात. म्हणजे विषाणूंचा हंगाम आणि उसाचा हंगाम हे एकाच महिन्यांत पडतात. ज्या वयाच्या लेकरांना धोका सर्वाधिक, ती लेकरे ऐन भरतीच्या काळात कोपीत असतात. पाणी कालव्याचे किंवा कुणाच्या विहिरीचे, संडास नाही, साबण महाग. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. पोराला ओकाऱ्या सुरू झाल्या आणि आई कोपीवर थांबली, तर अर्धा कोयता बंद. मुकादमाच्या वहीत खाडा लागतो आणि तो उचलीत फिरतो. घोटघोट पाणी पाजायला कुणीतरी दिवसभर जवळ बसावे लागते. औषध फुकट आहे. बसण्याचा तो दिवस मात्र फुकट नाही.

१९४८ च्या कारखाना कायद्याने पिण्याचे पाणी, संडास आणि पुरेशा स्त्रिया कामावर असतील तेथे पाळणाघर मालकावर बंधनकारक केले होते. पण ते कारखान्याच्या फाटकाच्या आत. ऊस फाटकातून आत गेला की त्याला कायदा लागू होई. तो तोडणारी बाई फाटकाबाहेर राही.

लसीचेही तसेच. मूल जन्मले बीड जिल्ह्यातल्या गावी. पहिला डोस तिथे झाला, दुसऱ्याच्या वेळी बिऱ्हाड भीमेकाठी. तिथल्या वहीत मूल ‘स्थलांतरित’ आणि इथल्या वहीत त्याचे नावच नाही. मी कोणा आरोग्यसेविकेला दोष देत नाही. तिच्याकडे गावेच इतकी असतात की रानातल्या कोप्या तिने कधी मोजाव्यात? परंतु श्रोतेहो, जरा विचार करा. मरीआईचा गाडा एका गावाने दुसऱ्याच्या शिवेवर ढकलावा, तसेच हे मूल एका वहीने दुसऱ्या वहीच्या हद्दीत ढकललेले नाही काय? गाडा बंद झाला. ढकलण्याची रीत राहिली.

तेव्हा आमचे मागणे चार ओळींचे आहे. तोडणीच्या करारात प्रत्येक बालकाचे लसीचे कार्ड पाहिले जावे आणि राहिलेला डोस इथेच दिला जावा. पहिला डोस एक वर्षाच्या आत सुरू करता येतो. कोप्यांच्या प्रत्येक तळावर क्लोरिन टाकलेल्या पाण्याची टाकी, संडास आणि साबण असावा. मीठ-साखरेच्या पुड्या आणि जस्ताच्या गोळ्या मुकादमाकडे आगाऊ ठेवाव्यात. आणि मूल आजारी असेल तर आईचे दोन दिवस खाड्यात न धरता मजुरीत धरावेत. चौथे मागणे कारखानदारांना सर्वांत जड वाटते, आणि माझ्या मते जीव सर्वांत अधिक त्यानेच वाचतील.

या चाचणीत आपल्या जिल्ह्याने पंधराशे लेकरांच्या आधारे साऱ्या देशाला लस पारखून दिली. त्याच शिवारात हिवाळ्यात पाहुणे म्हणून येणाऱ्या लेकराला तीन वेळचे थेंब आणि आईचा एक दिवस मिळू नये, हे आपल्याला शोभणारे नाही. पुढचा गळीत हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होईल. कोप्या पडल्या की आपल्या गावच्या शिवारात किती लेकरे आली आहेत, एवढे तरी प्रत्येकाने मोजून ग्रामपंचायतीत आणि आरोग्य केंद्रात कळवावे, अशी माझी आपणास विनंती आहे.